मोडलेला व्हाइस: दुरुस्त करावा की भंगारात द्यावा?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, नाट्यसंगीत झालं, आरोग्य झालं, शेअर बाजारसुद्धा झाला. यंदा कार्यकारिणीनं सांगितलं की वर्कशॉपवाल्यांनीही एक दिवस बोलावं. आम्ही म्हणजे तिघेजण. एक फौंड्रीत पॅटर्न शॉपला, एकाचा उद्यमबागेत लेथ, आणि एक डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत. भाषण एकजण करत असला तरी विचार तिघांचा आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो आहोत.

विषय कसा निघाला ते थोडक्यात सांगतो. आपल्या देखाव्याच्या खोलीत सहा इंची जुना व्हाइस आहे. आपण सगळे ज्यांना अण्णा म्हणायचो त्यांनी आपलं वर्कशॉप बंद केलं तेव्हा तो मंडळाला दिला. त्याच्यावरची अक्षरं गंजानं खाल्ली आहेत, 'मेड इन इंग्लंड' एवढंच वाचता येतं. देखाव्याच्या किती सांगाड्यांची शिग त्याच्यात वाकली, किती पोरांनी त्याच्यावर पहिल्यांदा कानस धरली, याचा हिशेब नाही. आता तो मोडला आहे. मंडळात दोन मतं पडली. काहीजण म्हणाले, भंगारात द्या, नवा आणू. काहीजण म्हणाले, अण्णांची आठवण आहे, वाटेल तो खर्च करा पण दुरुस्त करा. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. शेवटी बघून सांगा म्हणून काम आमच्याकडे आलं. आम्ही काय बघितलं, कसं बघितलं आणि काय ठरवलं ते सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजोबांचा एखादा व्हाइस माळ्यावर किंवा परसात पडून असेल, त्यांनाही उपयोग होईल.

बेळगावात हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथं सायकलचं दुकान घातलं. चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर इथंच सुरू झाले, मग १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज उद्यमबाग आणि मच्छ्याच्या बाजूला गेलात तर फौंड्री कुठं आहे हे विचारावं लागत नाही. बीड ओतणारं आणि बीड कापणारं गाव आहे हे. तेव्हा बीडाची वस्तू मोडली तर तिचं काय करायचं, हे आपल्याला तरी कळायला हवं.

व्हाइसला पुस्तकात 'शेगडा' असा शब्द आहे, पण कामावर कुणी तो वापरत नाही. त्याचे भाग मोजकेच. टेबलाला बोल्टनं बसलेला स्थिर जबडा. त्याच्या पोटातून मागंपुढं होणारा सरकता जबडा. मधून जाणारा चौकोनी आट्यांचा स्क्रू. आत लपलेला नट. फिरवायचा दांडा. आणि दोन्ही जबड्यांच्या तोंडावर स्क्रूनं बसवलेल्या, कडक केलेल्या पोलादी प्लेटा. इंग्लंडमध्ये शेफील्डचे रेकॉर्ड आणि शिप्लीचे पार्किन्सन हे नावाजलेले व्हाइस. पार्किन्सनच्या व्हाइसला एक खटका असतो, तो दाबला की नट स्क्रूपासून सुटतो आणि जबडा एका झटक्यात सरकतो. आपल्याकडं पंजाबात जालंधर-लुधियानाला हातहत्यारं मोठ्या प्रमाणावर होतात. नाव कुठलंही असो, मांडणी बहुतेक हीच.

आता एक छोटं गणित. कारण हे गणित कळलं की व्हाइस कुठं मोडतो आणि का मोडतो ते आपोआप कळतं.

दांड्याच्या टोकाशी आपण हात लावतो ते स्क्रूच्या मध्यापासून साधारण २५० मिलिमीटरवर. दांडा एक फेरा फिरला की हात सुमारे १५७० मिलिमीटर जातो आणि जबडा पुढं सरकतो फक्त एक आटा, समजा ६ मिलिमीटर. म्हणजे जोर अडीचशे पटीच्या वर वाढला. हातानं २० किलोचा जोर लावला तर कागदावर पाच हजार किलो होतात. पण चौकोनी आटे आणि कॉलर यांच्या घर्षणात बराचसा जोर जातो. पदरात पडतो तो पंधरा-वीस टक्के. तरी जबड्यांत ८०० ते १००० किलोची पकड येते. साध्या हातानं! आता कुणी दांड्यात पाइप घातला आणि हात पाऊण मीटरवर गेला, की तीच पकड तिप्पट, म्हणजे अडीच-तीन टन होते. व्हाइस बनवणाऱ्यानं दांड्याची लांबी उगाच ठरवलेली नसते. दांडा तेवढाच ठेवला म्हणजे माणसाच्या हातानं व्हाइस मोडू नये, हा त्यामागचा हिशेब. पाइप घातला की हिशेब संपला.

हा सगळा जोर येतो कुठं? पकडलेली वस्तू जबड्याचं डोकं बाहेर ढकलते आणि खालून स्क्रू जबड्याला आत ओढतो. मध्ये सापडते ती जबड्याची मान, म्हणजे उभा जबडा आणि आडवी सरक जिथं मिळतात तो आतला कोपरा. तिथं धातू ताणला जातो. जुन्या व्हाइसचं अंग बहुधा करड्या बिडाचं असतं. करडं बीड दाबाला फार चांगलं, ताणाला त्याच्या एक तृतीयांश-चतुर्थांशसुद्धा नाही. कारण त्याच्या पोटात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ताण आला की तो पापुद्र्यापासून पापुद्र्यापर्यंत फाटत जातो. पोलाद आधी वाकून आपल्याला सांगतं. बीड न सांगता तुटतं. मोडलेल्या वस्तूचा निर्णय घेताना हा फरक सतत डोक्यात ठेवायला हवा.

मग तपासणी. आम्ही पहिल्यांदा व्हाइस टेबलावरून काढला. टेबलावर असताना व्हाइस बघणं म्हणजे कपड्यांवरून पोट तपासणं. सगळे भाग सुटे केले. रॉकेलनं ग्रीस आणि मळ काढला. जुन्या व्हाइसवर रंगाचे थर असतात आणि रंगाखाली लांबी भरलेली असते. ज्यांना जुन्या बाजारातून व्हाइस घ्यायचा असेल त्यांनी ताजा चकचकीत रंग दिसला तर आनंदानं उडी मारू नये. जबड्याच्या मानेजवळचा आणि पायाच्या कानांजवळचा रंग खरवडू द्याल का, असं विचारावं. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जावं.

दुसरं, आवाज. सुटा जबडा दोरीनं टांगून छोट्या हातोडीनं हलकेच वाजवायचा. अखंड असेल तर घंटेसारखा नाही, पण स्वच्छ आवाज येतो. चीर असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द येतो. बाजारात आपल्या आज्या मडकं वाजवून घेत, तीच रीत.

तिसरं, रॉकेल आणि खडू. याला काही खर्च नाही. संशयाची जागा तारेच्या ब्रशनं घासून कोरडी करायची. रॉकेल लावून वीसेक मिनिटं सोडायचं. मग फडक्यानं अगदी कोरडं पुसून वर खडूची पूड चोळायची आणि जरा वाजवायचं. चीर असेल तर आत गेलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उठते. मोठ्या कारखान्यांत यासाठी लाल रंगाचं द्रव्य मिळतं, तत्त्व तेच.

चौथं, धातू कुठला ते ओळखणं. न दिसणाऱ्या जागी लहान भोक पाडलं आणि काळी भुकटी आली तर करडं बीड, लांब वळवळीत कीस आला तर पोलाद. ग्राइंडरला लावलं तर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर, पोलादाच्या लांब, पिवळसर आणि फुटणाऱ्या. डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय हे करू नका. मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटच्या गोळ्या केलेलं चिवट बीड, ज्याला फौंड्रीवाले एस.जी. म्हणतात, ते जगापुढं आलं १९४८ च्या सुमारास. त्याआधीच्या व्हाइसमध्ये ते असणार नाही.

या चार परीक्षांतून आपल्या व्हाइसचं जे निघालं ते असं. दांडा वाकलेला. जबड्यांच्या प्लेटा गुळगुळीत, एकीचा एक स्क्रू गायब. नटाचे आटे झिजून सुरीसारखे धारदार झालेले. पायाच्या चार कानांपैकी एक तुटलेला. हे चारही दोष सगळ्यांना आधीच दिसत होते आणि भांडण त्यांच्यावरच चाललं होतं. पाचवा दोष कुणालाच माहीत नव्हता. सरकत्या जबड्याच्या मानेत, आतल्या कोपऱ्यात, रंगाखाली ४० मिलिमीटरची केसासारखी चीर. जबडा रुंद आहे १५० मिलिमीटर. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त मान आधीच गेलेली. आणि गेल्या वर्षीपर्यंत आपली पोरं त्याच्यावर वाकून काम करत होती.

आता एकेका दोषाचा निवाडा.

दांडा वाकला तर विचारच करू नये. नवी शिग कापून दोन्ही टोकांना गोळे बसवले की झालं. मात्र दांडा मऊ लोखंडाचाच घ्यावा. तो वाकतो ते आपल्या भल्यासाठी. जास्त जोर झाला की आधी दांड्यानं वाकावं, जबड्यानं तुटू नये.

प्लेटा झिजल्या तर बदलाव्यात. भोकांची अंतरं मोजून नव्या करून कडक करून घेता येतात. अडकलेले स्क्रू निघत नसतील तर गरम करून, रॉकेल देऊन, दोन दिवस वाट बघून काढावेत. घाईनं डोकी तोडली की काम तिप्पट वाढतं.

नट झिजणं हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. स्क्रू आणि नट यांतलं स्वस्त आणि बदलायला सोपं कोण? नट. म्हणून तो जास्त झिजावा अशीच रचना असते. दांडा पाव फेरा रिकामा फिरत असेल तर काळजी नाही. अर्धा-पाऊण फेरा फिरत असेल आणि आट्यांची टोकं धारदार झाली असतील तर नट बदलायची वेळ झाली. जुन्या स्क्रूच्या आट्यांना जुळवून गनमेटलचा किंवा बिडाचा नट कुठलाही बरा टर्नर करून देतो. स्क्रूही खाल्ला असेल तर दोन्ही एकदम करावेत. जुन्या स्क्रूवर नवा नट किंवा उलटं, असं केलं तर एक दुसऱ्याला लवकर खातो.

पायाचा कान तुटणं हे बहुतेक वेळा टेबलामुळं होतं. फळी वाकडी असते, बोल्ट मात्र जोर लावून आवळला जातो, आणि बीड वाकत नाही म्हणून तुटतं. कानावर येणारा जोर जबड्याच्या मानाने कमी. तिथं ब्रेझिंग चालतं. तेही नको असेल तर पायाखाली १० मिलिमीटरची पोलादी पट्टी घालून वरून क्लॅम्प आवळला तरी व्हाइस वर्षानुवर्षं काम देतो. मात्र आधी टेबल सपाट करावं, नाहीतर उरलेले तीन कानही जातील.

एवढे चारच दोष असते तर आम्ही एका मिनिटात सांगितलं असतं, दुरुस्त करा. नव्याच्या निम्म्याहूनही कमी खर्चात काम झालं असतं. घोडं अडलं पाचव्यावर.

मानेतली चीर वेल्डिंगनं भरता येते का? येते. पण साधा रॉड लावून नाही. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के. वेल्डिंगची धग लागून शेजारचा भाग पटकन थंड झाला की तिथं काचेसारखा कडक, ठिसूळ थर होतो. वेल्ड आकसतो, बीड ताणलं जात नाही, आणि वेल्डच्या कडेनंच नवी चीर जाते. टिण्ण असा आवाज येतो तो हाच. नीट करायचं तर चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं पाडायची, म्हणजे ती पुढं जात नाही. चीर खोल खरवडून इंग्रजी व्ही सारखी खाच करायची. बिडात मुरलेलं वर्षानुवर्षांचं तेल तापवून जाळायचं. सगळा जबडा अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवायचा. निकेलच्या रॉडनं इंच-इंचाचे तुकडे भरायचे, प्रत्येक तुकडा गरम असतानाच हातोडीनं हलका ठोकायचा, आणि शेवटी राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून एक रात्र थंड होऊ द्यायचं. दुसरा मार्ग गॅसवर पितळेच्या ब्रेझिंगचा. त्यात बीड वितळत नाही, म्हणून जुन्या तेलकट बिडाला तो जास्त मानवतो. पण ब्रेझिंगचा जोर त्याच्या पसरटपणात असतो, दोन्ही बाजूंना भर द्यावी लागते. आणि आपली चीर आहे नेमकी सरकीच्या कोपऱ्यात. तिथं भर ठेवली तर जबडा पोटात जाणार नाही, घासून काढली तर ताकद जाणार.

शिवाय चांगलं वेल्डिंग झालं तरी ते चांगलं झालं आहे हे सिद्ध कसं करणार? वरून सुंदर दिसणारा वेल्ड आतून कसा आहे ते आपल्याकडं बघायची सोय नाही. तो पहिल्यांदा कधी कळणार? एक टनाच्या पकडीत, कुणाचं तरी तोंड जबड्यासमोर असताना.

इथं आमच्यातही मतभेद झाला. पॅटर्नवाले म्हणाले, अजिबात नको. लेथवाले म्हणाले, ब्रेझिंग करून हलक्या कामाला ठेवू, कानस मारायला, करवत चालवायला काय हरकत आहे? मुद्दा बिनतोड वाटत होता. मग विचार केला की हलक्या कामाला ठेवणार कोण? घरचा व्हाइस असेल, वापरणारा एकच माणूस असेल, त्याला चीर कुठं आहे ते ठाऊक असेल, तर तो जन्मभर जपून वापरेल. मंडळाच्या खोलीत तसं होत नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन वाजता सांगाडा पुरा व्हायचा असतो. दहा पोरं कामाला असतात, त्यांतली चार यंदाच आलेली. 'हलक्या कामासाठीच' अशी पाटी लावली तरी ती वाचायला कुणाला वेळ असतो? कुणीतरी दांड्यात पाइप घालणारच.

म्हणून आमचं म्हणणं असं झालं की दुरुस्त करावा की नाही, हे एकट्या व्हाइसकडं बघून ठरत नाही. तो दुरुस्तीनंतर कुणाच्या हातात जाणार ते आधी बघावं लागतं. हाच व्हाइस तुमच्या घरी असता तर आम्ही कदाचित ब्रेझिंग करा म्हटलं असतं. मंडळात ठेवायला तोच व्हाइस आम्ही नको म्हणतो.

ज्यांना घरी निर्णय घ्यायचा आहे त्यांनी हे चार प्रश्न याच क्रमानं विचारावेत. मोडलेला भाग पकडीचा जोर झेलतो की नाही? नसेल झेलत तर बिनधास्त दुरुस्त करा. झेलत असेल तर, तो भाग बदलता येतो की सांधावाच लागतो? बदलता येत असेल तर बदला. सांधावाच लागत असेल तर, वापरणारा कोण आणि किती जण? आणि हे तिन्ही पार पडले की मगच खर्च विचारा. आपण नेमके उलटे जातो. पहिल्यांदा खर्च विचारतो, मग आठवणीवरून भांडतो, आणि चीर शेवटपर्यंत कुणी बघत नाही.

आठवणीचं काय, हा प्रश्न उरलाच. तो हलका आहे असं आम्ही मानत नाही. आम्ही अण्णांच्या घरी गेलो. काकूंना सगळं सांगितलं, चीर दाखवली. भीत भीतच गेलो होतो. काकू म्हणाल्या, "अरे, पोरांची बोटं आधी बघा. ह्यांना काय आवडलं असतं ते मी सांगू? खोलीत काम चालू राहिलेलं आवडलं असतं." चहा घेऊन आम्ही निघालो तेव्हा तिघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

मग चौथा मार्ग सुचला, आणि तो बेळगावातच सुचू शकतो. सरकता जबडा नवा ओतायचा. स्थिर जबडा, म्हणजे व्हाइसचं निम्म्याहून जास्त अंग, खणखणीत आहे. आवाज आणि रॉकेल, दोन्हींत पास. मग एका भागासाठी सगळा कशाला टाकायचा? पण यातही एक मेख आहे, ती सांगायला हवी, कारण कुणीही म्हणेल, जुना जबडाच वाळूत दाबा आणि ओता. तसं केलं तर जबडा लहान येतो. करडं बीड थंड होताना मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकसतं. सरकीसकट जबड्याची लांबी ३५० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन मिलिमीटर लांबीतच गेले. वर घासून सपाट करायला, मशिनिंगला, ३ मिलिमीटर जादा लागतात ते निराळे. तो जबडा पोटात खुळखुळा वाजेल. म्हणून आकसणं आणि मशिनिंग दोन्ही धरून लाकडाचा नवा पॅटर्न करावा लागतो, स्क्रूच्या पोकळीसाठी कोअर लागतो, आणि त्या मानेच्या आतल्या कोपऱ्याला नीट गोलाई द्यावी लागते. जुन्या जबड्यात तो कोपरा जवळजवळ काटकोनी आहे. चीर तिथूनच सुरू झाली. आणि ओतायचं ते एस.जी. बिडात. करड्या बिडाची नेहमीची जात घेतली, एफ.जी. २००, तर ताणाची ताकद चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन. एस.जी. ५००/७ घेतलं तर ५००, आणि तुटण्याआधी ते सात टक्के ताणतं. म्हणजे ते आधी सांगतं. मात्र एस.जी.चं आकसणं करड्याहून थोडं वेगळं असतं, ते ज्या फौंड्रीत ओतायचं तिथं विचारूनच पॅटर्न करावा.

खर्चाच्या दृष्टीनं एका नगासाठी पॅटर्न करणं परवडत नाही, हे आम्ही कार्यकारिणीला स्पष्ट लिहून दिलं आहे. पॅटर्नची मजुरी धरली तर नवा व्हाइस स्वस्त पडेल. तरी आम्ही हे सुचवलं ते दुसऱ्या कारणासाठी. लाकडात हातानं पॅटर्न करणारे आता मोजके राहिले आहेत. आमच्यातले पॅटर्नवाले म्हणाले की मजुरी नको, पण शिकायला चार पोरं द्या. आकसण्याची पट्टी कशी वापरायची, पॅटर्नला उतार का द्यायचा, कोअर कसा बसतो, हे त्यांना व्हाइसच्या निमित्तानं हाताखाली शिकता येईल. असा हिशेब धरला तर खर्च परवडतो, असं आमचं मत आहे.

तेव्हा कार्यकारिणीनं आमच्या शिफारशीवरून ठरवलं ते असं. देखाव्यासाठी नवा सहा इंची व्हाइस घेतला गेला आहे, यंदाचं काम त्याच्यावरच झालं. जुना व्हाइस सुटा करून तेल लावून ठेवला आहे, त्याच्या चिरेवर लाल रंगानं खूण केली आहे, म्हणजे चुकूनही कुणी तो जोडून वापरायला घेणार नाही. दिवाळीनंतर पॅटर्नचं काम सुरू होईल. नवा जबडा, नवा नट, नव्या प्लेटा. जबडा ओतून आल्यावर त्यालाही रॉकेल-खडूची परीक्षा द्यावी लागेल. नापास झाला तर परत भट्टीत. आणि नवा जबडा नीट बसला नाही, तर मंडळ त्याच्यावर आणखी पैसे घालणार नाही, हेही आधीच ठरलं आहे. हट्टाला मर्यादा असावी.

गंज काढण्याविषयी बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून दोन वाक्यं. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची १२ व्होल्टची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडी पत्र्याला. दोघं एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. एका रात्रीत गंज सैल होतो. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन वायू सुटतो, जवळ काडी ओढायची नाही.

आणि मोडूच नये म्हणून काय करावं? दांड्यात पाइप घालू नये. जबड्यावर ऐरणीसारखं ठोकू नये. ठोकायचंच असेल तर घाव स्थिर जबड्याच्या दिशेनं यावा, सरकत्याच्या नाही. वस्तू एका कडेला पकडायची असेल तर दुसऱ्या कडेला त्याच जाडीचा तुकडा घालावा, म्हणजे जबडा पिरगळत नाही. काम संपल्यावर जबडे घट्ट आवळून ठेवू नयेत. महिन्यातून एकदा स्क्रूचा कीस झाडून थोडं तेल द्यावं.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, नमस्कार करतो. आता दसरा जवळच आहे. यंदा माळ घालण्याआधी घरातला व्हाइस एकदा रॉकेल आणि खडूनं तपासून घ्या, एवढीच आमची विनंती. काही शंका वाटली तर आम्ही तिघेही रविवारी सकाळी देखाव्याच्या खोलीत असतो. मोडका भाग घेऊन या, मिळून बघू. पॅटर्न शिकायला येणाऱ्या पोरांनी आपली नावं चिटणीसांकडं द्यावीत. चार म्हटलं आहे, पण सहा आली तरी चालतील.

 गणपती बाप्पा मोरया!